अमेरिकेत गाडी चालवताना पोलिसांनी थांबवलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे चार-सहा महिने राहायला अमेरिकेत आलेली मराठी माणसं मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. मी वकील नाही. इथे बरीच वर्षं गाडी चालवते आणि नव्याने आलेल्यांच्या शेजारी बसून त्यांचा हात बसवून देते. वाहतुकीचे कायदे राज्यागणिक बदलतात, म्हणून जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे राज्याचं नाव दिलं आहे.

१. आरशात लाल-निळे दिवे दिसले. आता नेमकं काय करायचं?

उजवा इंडिकेटर द्या, वेग कमी करा आणि उजव्या कडेला, पूर्ण गाडी पांढऱ्या रेषेच्या बाहेर जाईल अशा जागी थांबा. कचकन ब्रेक मारू नका. भारतात आपण डावीकडे घेतो आणि घाबरल्यावर हात जुन्या सवयीने तिकडेच वळतो, एवढं लक्षात असू द्या. गिअर 'पार्क'मध्ये टाकून इंजिन आणि गाणी बंद करा, काच पूर्ण खाली घ्या, रात्र असेल तर आतला दिवा लावा. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर, बाहेरून दिसतील असे ठेवून वाट बघा.

ऑफिसर आपल्या गाडीत बसून तुमचा नंबर तपासत असतो, त्यामुळे मिनिट-दोन मिनिटं काहीच घडत नाही. नेमक्या याच वेळात लोक पाकीट शोधायला खाली वाकतात. वाकू नका. हायवेवर ऑफिसर बऱ्याचदा उजव्या बाजूच्या खिडकीशी येतो, कारण डावीकडून गाड्या भरधाव जात असतात. दचकू नका, ती काचही खाली करा.

कधी कधी ते दिवे तुमच्यासाठी नसतातच. तुम्ही बाजूला होता आणि पोलिसांची गाडी पुढे निघून जाते. तरी बाजूला होणं सक्तीचंच आहे.

२. आपणच उतरून कागदपत्रं घेऊन साहेबांकडे गेलो तर काय बिघडतं? भारतात तर तसंच करतो.

या पानावरचं दुसरं काहीही विसरलात तरी चालेल, हे उत्तर विसरू नका.

आपल्याकडे गाडी बाजूला घेऊन उतरणं, चार पावलं चालत जाणं आणि फाइल पुढे करणं यात अदब आहे. पोलिसाला आपल्यापर्यंत यायला लावणं आपल्याला उर्मटपणाचं वाटतं. अमेरिकेत याचा अर्थ बरोबर उलटा होतो. इथे सामान्य माणसाकडे बंदूक असू शकते, आणि थांबवलेल्या गाडीकडे चालत जाताना ऑफिसर ती शक्यता धरूनच येतो. त्याची नजर तुमच्या चेहऱ्याआधी तुमच्या हातांवर असते. न सांगता दार उघडणारा माणूस त्याच्या दृष्टीने एकतर पळणार असतो किंवा अंगावर येणार असतो.

माझ्या पहिल्या वर्षी मी दार उघडून एक पाय बाहेर टाकला होता. मागच्या गाडीच्या लाउडस्पीकरवरून आत बसण्याचा हुकूम आला आणि तो आवाज मला आजही आठवतो. माझ्या मनात नम्रतेशिवाय काही नव्हतं, पण ते त्या ऑफिसरला कळायला काहीच मार्ग नव्हता. तेव्हापासून ज्याला गाडी शिकवते त्याला पहिल्या दिवशी हे सांगते: बसून राहा, हात दिसू द्या, कशालाही हात घालण्याआधी तोंडाने सांगा. "लायसन्स माझ्या मागच्या खिशात आहे, काढू का?" असं विचारा आणि हो म्हटल्यावर सावकाश काढा.

सीटबेल्टही ऑफिसर खिडकीशी येईपर्यंत सोडू नका. सोडलात तर तुम्ही तो लावलाच नव्हता, असं त्याला वाटू शकतं.

३. जवळ कोणती कागदपत्रं हवीत?

लायसन्स, गाडीची नोंदणी आणि विम्याचं कार्ड. भाड्याची गाडी असेल तर करारपत्र. गाडीचे कागद सहसा डॅशबोर्डच्या कप्प्यात असतात. तो कप्पा इतर वस्तूंनी गच्च भरू नका, म्हणजे ऐनवेळी उपसाउपसी होणार नाही.

याशिवाय, १८ वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपला नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा असा संघीय कायदा आहे. व्हिसावर आलेल्यांसाठी तो पुरावा म्हणजे आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीची छापील प्रत, ग्रीन कार्डवाल्यांसाठी ते कार्ड. थोड्या दिवसांसाठी आलेल्यांनी पासपोर्टही जवळ ठेवावा.

लायसन्सच्या पाकिटात घडी घालून नोटा ठेवायची सवय असेल तर त्या आधी काढा. कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

४. भारतातलं लायसन्स चालतं का? इंटरनॅशनल परमिट काढावं का?

पर्यटक म्हणून आलेल्याला बहुतेक राज्यांत मूळ लायसन्सवर गाडी चालवता येते. भारत आणि अमेरिका दोघेही १९४९ च्या जिनिव्हा वाहतूक कराराचे सदस्य आहेत आणि आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट त्याच कराराखालचं असतं. ते मुळात तुमच्या लायसन्सचं भाषांतर आहे, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला किंमत नाही. कॅलिफोर्निया पर्यटकाकडे ते मागत नाही, पण काढून ठेवावं असंच माझं मत आहे. रात्री हायवेच्या कडेला भारतीय लायसन्स पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या ऑफिसरचं काम त्याने सोपं होतं. ते भारतातून निघण्याआधीच काढा. इंटरनेटवर 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' म्हणून विकली जाणारी कार्डं घेऊ नका.

डिजिलॉकरमधलं लायसन्स भारतात चालतं, इथे ते फक्त फोनमधलं चित्र आहे. कार्ड जवळ हवं.

एक बारीक गोष्ट. आपण तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितो, अमेरिकेत महिना आधी येतो. ०३/०७ म्हणजे आपली ३ जुलै इथे ७ मार्च वाचली जाते आणि चालू लायसन्स मुदत संपलेलं वाटू शकतं. ऑफिसर तारखेकडे बघून थबकला तर शांतपणे सांगा. पासपोर्टवर आणि लायसन्सवर वडिलांचं नाव, आडनाव वेगळ्या क्रमाने असेल तर तेही.

५. मी इथे नोकरीला आलोय. तरी परमिटवरच वर्षभर चालवता येईल ना?

नाही. रहिवासी झालात की त्या राज्याचं लायसन्स घ्यावं लागतं आणि त्याची मुदत फार कमी असते. कॅलिफोर्नियात १० दिवस, न्यूयॉर्कमध्ये ३०. परमिटवर वर्षाची तारीख छापलेली असली तरी ही मुदत वाढत नाही. असे पकडले गेलेले लोक मला दरवर्षी भेटतात आणि त्यांना खरोखरच वाटत असतं की आपण नियमात आहोत.

६. ऑफिसर विचारतो, "तुम्हाला का थांबवलं माहीत आहे?" काय सांगू?

"नाही, ऑफिसर, प्लीज सांगा." एवढंच. आपला स्वभाव असा की गप्प बसणं अवघड वाटतं आणि आपण भडाभडा बोलतो: उशीर झाला होता, सगळेच तेवढ्या वेगाने जात होते, सिग्नल पिवळा होता. यातलं प्रत्येक वाक्य कबुली म्हणून नोंदवलं जाऊ शकतं. खोटं मात्र कधीही बोलू नका. न बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे, खोटं बोलण्याचा नाही. नाव सांगायचं, कागद द्यायचे, बाकीच्या प्रश्नांवर "मला यावर बोलायचं नाही" असं सौम्यपणे म्हणता येतं.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून, थांबवण्याचं कारण ऑफिसरनेच प्रश्न विचारायच्या आधी सांगावं असा कायदा आहे.

थांबवलेलं असताना कुणाला फोनही लावू नका. ओळखीतल्या मोठ्या माणसाशी बोलणं करून देण्याची आपली पद्धत इथे तुमच्याविरुद्ध जाते.

७. इंग्रजी पटकन कळत नाही, त्यातून घाबरल्यावर तर काहीच सुचत नाही.

"प्लीज स्लोली" म्हणा, दोनदा विचारा, त्यात कमीपणा नाही. पण मान हलवू नका. आपली ती डावी-उजवी डुलणारी मान आपल्याला 'हो, समजलं' वाटते, समोरच्याला 'नाही' दिसते. हो किंवा नाही तोंडाने म्हणा. न समजलेल्या प्रश्नाला 'येस' म्हणणं सगळ्यात महागात पडतं, कारण तो प्रश्न झडतीच्या परवानगीचाही असू शकतो (प्रश्न ११).

८. नव्याने आलेले लोक बहुतेक कशावरून पकडले जातात?

वेग, अर्थातच. इथे पाट्या मैलांत असतात, ६५ म्हणजे ताशी सुमारे १०५ किलोमीटर. पण माझ्या पाहण्यात वेगाइतकेच लोक 'स्टॉप'च्या पाटीवर सापडतात. चाकं पूर्ण थांबायला हवीत. पहाटे चार वाजता चौकात चिटपाखरू नसलं तरीसुद्धा. लाल दिव्यावर उजवीकडे वळता येतं तेही पूर्ण थांबून, आणि न्यूयॉर्क शहरात तर पाटीने मुभा दिल्याशिवाय वळताच येत नाही.

शाळेच्या बसबद्दल जरा जास्त सांगते, कारण तिथे मुलांचा जीव आहे. बसचे लाल दिवे लुकलुकू लागले आणि बाजूचा 'स्टॉप' हात बाहेर आला की मागच्यांनी तर थांबायचंच, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. न्यूयॉर्क राज्यात मधे दुभाजक असला तरी समोरच्यांनी थांबावं लागतं. बसच्या पुढून मूल रस्ता ओलांडत असतं आणि ते तुम्हाला दिसत नाही.

कडेला पोलिसांची किंवा रुग्णवाहिकेची गाडी दिवे लावून उभी असेल तर शेजारची लेन मोकळी सोडा, जमत नसेल तर वेग कमी करा. हा नियम पन्नासही राज्यांत आहे.

९. रात्री सुनसान रस्त्यावर साध्या गाडीने दिवे दाखवले. खरा पोलीस कशावरून?

चारही इंडिकेटर लावा, वेग कमी करा आणि उजेडाच्या जागेपर्यंत, जवळच्या पेट्रोल पंपापर्यंत हळू गाडी चालवत राहा. हँड्सफ्रीवरून ९११ या आपत्कालीन नंबरला फोन करून ठिकाण सांगा आणि विचारा की मागची गाडी तुमचीच का. आपण पळत नाही आहोत हे तुमच्या मंद वेगावरून दिसलं पाहिजे. मैलोन्‌मैल असं करू नका.

१०. ऑफिसरने खाली उतरायला सांगितलं. नकार देता येतो का? आणि गाडीतल्या आई-बाबांनी काय करायचं?

नकार देता येत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की रीतसर थांबवलेल्या ड्रायव्हरला ऑफिसर उतरवू शकतो, आणि १९९७ मध्ये तेच प्रवाशांनाही लागू केलं. प्रश्न २ मधली गोष्ट न सांगता उतरण्याची होती. सांगितलं की लगेच, हात दिसतील असं उतरा.

आई-बाबांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, रस्त्यावर सांगायला वेळ मिळत नाही. मुलाला कुणी दरडावलं की मागे बसलेली आई पुढे वाकते, मधे बोलते, पर्समधून पासपोर्ट काढायला लागते. त्यांनी हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. लहान मूल मांडीवर घेऊन बसणं हाच इथे गुन्हा आहे, मुलांसाठी वेगळी सीट प्रत्येक राज्यात बंधनकारक आहे.

११. "गाडी बघू का?" असं विचारलं तर?

हा प्रश्न विनंतीसारखा ऐकू येतो आणि ती खरोखर विनंतीच असते. तुम्ही नाही म्हणू शकता हे सांगायला ऑफिसर बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितलं आहे. "ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टु अ सर्च," हे वाक्य पाठ करा. आवाज न चढवता म्हणा.

मात्र गाडीत बेकायदा काही आहे असं मानायला सबळ कारण असेल, उदाहरणार्थ उघडी बाटली समोर दिसत असेल, तर वॉरंटशिवाय झडती घेता येते. हा नियम १९२५ पासूनचा आहे. अशा वेळी वाक्य एकदा म्हणून बाजूला उभं राहा, हाताने अडवू नका. झडती बेकायदा होती की नाही हे न्यायाधीश नंतर बघतील, आणि तुमचा नकार तेव्हा उपयोगी पडेल. फोनसाठी मात्र वॉरंट लागतं, २०१४ चा निकाल आहे. अनलॉक करून हातात देऊ नका.

तिकीट (म्हणजे दंडाचं चलन) लिहून झाल्यावर केवळ श्वानपथकाची वाट बघायला तुम्हाला थांबवून ठेवता येत नाही (२०१५). "मी जाऊ शकतो का?" असं विचारणं योग्य आहे.

१२. एक बिअर घेतली होती. श्वासाची चाचणी नाकारावी का?

आधी आकडे. भारतात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम म्हणजे ०.०३ टक्के आहे. अमेरिकेत ०.०८, फक्त युटामध्ये ०.०५. इथली मर्यादा सैल दिसते म्हणून फसू नका, तोल गेलेला दिसला तर त्याहून कमी आकड्यावरही अटक होते. २१ पेक्षा लहान असाल तर जवळजवळ शून्यच धरा.

अटकेनंतरची श्वासचाचणी नाकारली तर लायसन्स निलंबित होतं, कारण इथे गाडी चालवणं म्हणजेच त्या चाचणीला आधीच संमती दिल्यासारखं धरतात. रक्ताच्या चाचणीला, तुमची संमती नसेल तर, सर्वसाधारणपणे वॉरंट लागतं (२०१६). व्हिसावर असलेल्यांना चाचणीपेक्षा अटकच जड जाते. मद्यपान करून गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरून, दोष सिद्ध होण्याआधीच, परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. त्याने लगेच देश सोडावा लागत नाही, पण एकदा भारतात गेलात की नव्याने व्हिसा आणि सोबत वैद्यकीय तपासणी. एका संध्याकाळसाठी हे ओढवून घेतलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. घ्यायची असेल तर गाडी घरी ठेवा.

उघडी बाटली प्रवाशाच्या हातातही नको, बहुतेक राज्यांत तो गुन्हा आहे. उरलेली बाटली डिकीत. गांजा तुमच्या राज्यात चालत असला तरी संघीय कायद्याने तो गुन्हाच आहे, आणि तो ओढल्याची रस्त्यावर दिलेली कबुली परदेशी माणसाला पुन्हा प्रवेश नाकारायला पुरेशी ठरू शकते.

१३. दंड तिथेच भरून मिटवता येईल का? तिकिटावर सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला का?

रोख पैसे पुढे करू नका, कधीही. लाच देऊ करणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि लायसन्ससोबत चुकून गेलेली नोटसुद्धा लाच वाटू शकते.

सही म्हणजे 'मी कोर्टाला उत्तर देईन' एवढंच वचन. कबुली नव्हे. कॅलिफोर्नियात सही नाकारली तर अटक होऊ शकते, म्हणून करून टाका. कबुली वेगळ्या ठिकाणी होते. घरी जाऊन दंड भरला की बहुतेक राज्यांत तो गुन्हा मान्य केल्यासारखा असतो. काही जण कोर्टात बाजू मांडतात, काही ठिकाणी वाहतूक शाळेचा वर्ग करून नोंद टळते. काहीच न करणं एवढा एकच पर्याय वाईट आहे. तारीख चुकवली तर वॉरंट निघू शकतं.

ऑफिसर चुकला असेल तरी रस्त्यावर वाद घालू नका. सीटबेल्टसारख्या दंडापुरत्या गुन्ह्यातही अटक करता येते असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आहे.

१४. साध्या तिकिटाने एच-१बी (नोकरीचा) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा धोक्यात येतो का?

दंड भरून संपलेलं वेगाचं तिकीट म्हणजे अटक नव्हे. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात प्रश्न अटक आणि शिक्षेचा असतो. ग्रीन कार्डच्या अर्जातला प्रश्न अधिक रुंद आहे, म्हणून प्रत्येक तिकिटाची आणि दंड भरल्याची पावती कायम जपून ठेवा. २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) मधल्या नोंदी अचानक बंद झाल्या आणि त्यांत किरकोळ वाहतूक प्रकरणं असलेलेही होते. कोर्टात दावे झाल्यावर सरकारने नोंदी पुन्हा सुरू केल्या. त्या आठवड्यांत ज्यांच्याकडे कागद हाताशी होते त्यांची धावपळ बरीच कमी झाली.

१५. वेगाचंच तिकीट होतं, पण कागदावर 'मिसडिमीनर' लिहिलंय.

बहुधा तुम्ही व्हर्जिनियात होता. तिथे ताशी ८५ मैलांच्या वर, किंवा मर्यादेपेक्षा २० मैल जास्त गेलात की ते 'रेकलेस ड्रायव्हिंग' ठरतं. हा फौजदारी गुन्हा आहे, १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड. हातात पडणारा कागद साध्या तिकिटासारखाच दिसतो आणि म्हणून लोक दंड भरून मोकळे व्हायला बघतात. तसं करू नका. प्रश्न १४ मधलं उत्तर इथे लागू नाही. स्थानिक वकील करा आणि परदेशी नागरिक असल्याचं त्याला पहिल्याच फोनवर सांगा.

१६. भाड्याची गाडी होती आणि आता मी भारतात परत आलोय.

ऑफिसरने दिलेलं तिकीट तुमच्या नावावर आहे, ते संपलेलं नाही. कोर्टाच्या संकेतस्थळावर भरता येतं किंवा वकील तुमच्या वतीने हजर राहू शकतो. कॅमेऱ्याचा दंड गाडीच्या कंपनीकडे जातो आणि ती स्वतःचं शुल्क लावून तुमच्या कार्डावर टाकते.

१७. साध्या पोलिसाने व्हिसाबद्दल विचारलं तर? आणि सीमेजवळच्या नाक्यावर?

ॲरिझोनात रास्त संशय असेल तर थांबवलेल्याचा देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा तपासण्याचं कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवलं. मेक्सिकोच्या सीमेपासून आत, सॅन क्लेमेंटेजवळ आय-५ वर किंवा लरेडोच्या उत्तरेला आय-३५ वर बॉर्डर पेट्रोलचे (सीमा पोलिसांचे) नाके असतात आणि तिथे संशयाशिवायही थांबवून थोडक्यात प्रश्न विचारता येतात. रीतसर व्हिसा असेल तर आय-९४ आणि पासपोर्ट दाखवा.

घाईत किंवा गोंधळून 'यूएस सिटिझन' म्हणू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा पुढचे जवळपास सगळे दरवाजे बंद करतो.

१८. अटक झालीच तर?

प्रतिकार नको. "मला वकील हवा आहे, तोपर्यंत मी बोलणार नाही," हे स्पष्ट सांगा आणि मग खरोखर गप्प राहा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते. ती तुम्ही करायची असते, आपोआप होईल असं धरू नका. वॉशिंग्टनमधला दूतावास आणि न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल अशा शहरांतले वाणिज्य दूतावास आपापल्या राज्यांचं काम बघतात. तुमच्या राज्याचा कोणता ते आजच कागदावर लिहून घरच्यांकडे द्या, सोबत एका वकिलाचा नंबरही. पोलीस ठाण्यात तुमचा फोन तुमच्या हातात नसेल.